कणसावरची दोरी

चिखलीच्या शाळेत तेव्हा एक खोली, एक गुरुजी आणि चार इयत्ता होत्या. पुढे शिकायचे तर चिंचवडला चालत जावे लागे. गावातली काही मुले जात. मुलगी अजून कोणी गेली नव्हती. मी चौथीत होते. चिंचवडच्या शाळेत भिंतीवर दाराएवढा नकाशा आहे असे ऐकले होते आणि तो मला पाहायचा होता. त्यापलीकडे शिक्षणाबद्दल माझी काही कल्पना नव्हती.

वार्षिक परीक्षा झाली की शाळा चालवणाऱ्या लोकल बोर्डाचे छापील प्रगतिपत्रक घरी येई. डावीकडे विषय, उजवीकडे आकडे, खाली पालकाच्या सहीची जागा. सही करणारे गावात थोडे. बाकीचे अंगठा उठवत, आणि तो सहीच्या जागीच पडे असे नाही. माझ्या वडिलांचा बहुधा भूगोलावर पडे.

त्या हिवाळ्यात गुरुजींनी गावाला मारुतीच्या पारावर बोलावले आणि पत्रक कसे असावे असे विचारले. असे पूर्वी कोणी विचारले नव्हते. ऊन पारावरून खाली उतरत होते. कासारवाडीच्या बाजूने आगगाडीचा आवाज आला आणि विरला. माझ्या आठवणीत ती सभा पाण्याखाली चालल्यासारखी आहे. माणसे सावकाश हलतात, तोंडे आधी उघडतात, शब्द मागून येतात.

पहिली बोलली माझी आई, बायकांच्या घोळक्यातून, पदर तोंडाशी धरून. "अंगठा उठवतो आमी, गुरुजी. पर कशावर उठवला ते न्हाई कळत. पोरगी घरी येऊन सांगंल तेच खरं."

"मग चित्रं काढा," तांबोळी चाचा म्हणाले. त्यांचे पानाचे दुकान पाराला लागून होते. "निवडणुकीत पेटीवर चित्र हुतं. चुकलं का कोण?"

"तुमीच चुकला की, चाचा," सुतार म्हणाला. "तुमचा माणूस पडला न्हवं?"

"माणूस पडला. चित्र बराबर हुतं."

हशा ओसरल्यावर माझे वडील म्हणाले, "पिकाचं काढा, गुरुजी. ते आंधळ्याला बी कळतं."

तसे ठरले. सुताराने सागाच्या तुकड्यांवर चार ठसे कोरले: दाणा, कोंब, पात आणि कणीस. बोर्डाच्या पत्रकावरच, आकड्याशेजारी, गुरुजी निळ्या शाईत ठसा उमटवणार होते, म्हणजे वरून कोणाची हरकत यायला नको. कच्च्या मुलाला दाणा, पहिल्या प्रतीच्या मुलाला कणीस.

परीक्षा झाली आणि माझ्या पत्रकावर सगळीकडे कणीस आले. वडिलांनी ते उजेडात धरून पाहिले. इतका वेळ त्यांनी कोणताच कागद पाहिला नव्हता. मला गुळाचा खडा दिला आणि आईला समाधानाने म्हणाले, "पोरीचं पीक हाती आलं. शाळा पुरी झाली. आता तिच्या आत्याकडं शब्द टाकाया हरकत न्हाई."

आत्याचा मुलगा वाकडला गुरे राखत असे.

आईने त्यांच्याकडे पाहिले, मग पत्रकाकडे. दुसऱ्या दिवशी पाण्याला जाताना ती शाळेच्या दारात थांबली आणि गुरुजींना एवढेच सांगून आली की, आमच्या खळ्यावर या.

मळणी चालू होती. बैल खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, तिवड्याभोवती, फिरत होते आणि भुसा हवेत इतका दाट होता की माणसे पिवळ्या काचेमागे असल्यासारखी दिसत. गुरुजी आले आणि कणसांच्या ढिगाशेजारी बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"पोरीला चिंचवडला धाडा," ते म्हणाले.

"गुरुजी, तुमीच तर कणीस काढून दिलं," वडील म्हणाले. "भरल्यालं कणीस रानात उभं ठिवलं तर काय हुतं? पाखरं खात्यात."

चित्र वडिलांनीच सुचवले होते आणि त्यांनी ते बरोबर वाचले होते. गुरुजी बसून राहिले. बैलांच्या घंटा वाजत होत्या, मध्येच थांबत, पुन्हा वाजत. वडील ढिगातून एकेक कणीस उचलून पाहत होते. बहुतेक बैलांच्या पायाखाली जात. एखादे, दाणा टपोरा, कुठे रिते नाही असे, ते बाजूला ठेवत.

"ती कशाला काढली?" गुरुजींनी विचारले.

"बियाला."

"त्यांची मळणी नाही?"

"निवडक कणीस मळत न्हाईत. दोरीनं बांधून आढ्याला टांगायचं, चुलीच्या वर. धुरानं कीड लागत न्हाई." एवढे बोलून वडील थांबले. हातातले कणीस त्यांनी दोनदा फिरवले. मग ते हसले, आवाज न करता. "तुमी लई बेरकी, गुरुजी."

"मी काहीच म्हटलं नाही."

"न्हाई म्हणलात. पर बियाचं परत पेरावं लागतं. कुठं पेरता?"

"पाचवीत."

"आन् पाऊसकाळात वढ्याला पानी आलं मंजी?"

"त्या दिवशी घरी."

वडिलांनी कणीस बाजूच्या कणसांत ठेवले. आत्याकडे शब्द टाकायला ते त्या वर्षी गेले नाहीत.

जूनमध्ये मी चिंचवडला जाऊ लागले. नकाशा दाराएवढा नव्हता, खिडकीएवढा होता, आणि एका कोपऱ्यात ओल आली होती.

पुढच्या वर्षी चिखलीच्या पत्रकावर कणसाचा ठसा बदललेला होता. सुताराने कणसाच्या वर एक बारीक दोरी कोरली होती. तपासणीला आलेल्या दिपोटी साहेबांनी ती कशाची म्हणून विचारले. गावाने सुचवली, असे गुरुजी म्हणाले, आणि साहेबांनी पान उलटले.

चिंचवडच्या पत्रकावर नुसते आकडे होते. वडील ते उजेडात धरत आणि अंगठ्याला शाई लावण्याआधी मला विचारत, "दोरी हाय का?"

"हाय," मी म्हणे. मग अंगठा भूगोलावर पडे.