या वयात कशाला?

माझे दाजी मोतीराम मखमलाबादकडे झेंडू-शेवंती पिकवतात. साठी ओलांडली तरी ते आणि माझी थोरली बहीण मालनआक्का जोडीनं फुलं तोडायचे, काहीतरी कुजबुजून हसायचे. त्यांची सून मंजुषा लाजून आत पळायची. मला तर हेवा वाटायचा.

गेल्या वर्षी दाजींना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण घरी आल्यावर दाजींनी आपली खाट ओसरीवर टाकली. फुलं तोडायलाही वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागले. "त्यांचं मन उडालं गं माझ्यावरनं," म्हणत आक्का माझ्यापाशी रडली. शेवटी तिनंच त्यांना धरून विचारलं, तेव्हा कळलं. शरीर साथ देत नव्हतं, आणि हा आपलाच दोष, असं धरून तो माणूस कुढत होता.

पुढच्या तपासणीला मीही सोबत गेले. दाजींनी मान खाली घालून सांगितलं, "साहेब, बायकोजवळ जायचं म्हटलं तर पहिल्यासारखं काय व्हत नाय."

डॉक्टर हसले. "बाबा, आता या वयात कशाला? देवाचं नाव घ्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आक्का आधी बोलली. "देवाचं नाव घ्यायला आमी त्र्यंबकला जातो. हितं इलाजाला आलोय. असं व्हईल हे आधी का नाय सांगितलं?"

"सांगितलं होतं की. तुमच्या मुलाला."

माझा भाचा योगेश मोबाइलात तोंड खुपसून बसला होता. "आईबाबांना असलं कसं सांगणार मी?" तो पुटपुटला.

असलं! बापाची लघवीची पिशवी बदलताना नाही वाटली लाज. आणि इथं दोन जिवाभावाची माणसं एकमेकांना परकी झाली, ते या शहाण्याला दिसलं नाही!

"लेका," दाजींनी मान वर केली, "मी सोताला नामर्द समजत राह्यलो रे. हिच्याकडं बघायची हिंमत नव्हती माझी."

डॉक्टर वरमले. या ऑपरेशनमध्ये नसांना इजा होऊ शकते, सावरायला वेळ लागतो, सगळं परत येईलच असं नाही, पण गोळ्या आहेत, इंजेक्शन आहे, पंपही मिळतो, असं समजावू लागले. तेही योगेशकडे वळून.

आक्कानं खुर्ची ओढून टेबलासमोर घेतली.

"त्याच्याकडं नका बघू," ती म्हणाली. "नवरा माझा हाय. मला सांगा."