कुंकू लावलेली क्लचप्लेट

काष्टीच्या शिवारात एक आजी राहायची, एक तिचा नातू सागर, आणि एक तांबडा ट्रॅक्टर, नातवाहून थोरला. नातू शेती करतो म्हणून त्याला कुणी पोरगी देईना. ती आजी म्हणजे मीच. ट्रॅक्टर जुना झाला की घरात धान्यापेक्षा किस्से जास्त साठतात. सांगते, पण हसताना माझ्या तोंडाकडं बघू नका. लाज वाटते.

*

आमचा क्लच गेला. रावसाहेब मिस्त्री घरी आला न् म्हणाला, "सागर, पेडलवर सारखा पाय ठेवून चालवायला तुला कुणी शिकवलं?"

सागरनं माझ्याकडं बघितलं. मी चुलीत फुंकर घातली. चूल पेटलेलीच नव्हती!

*

क्लचप्लेट बदलायला ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन भाग करतात, हे मला काय माहीत! अंगणात पुढचं तोंड इकडं, मागची चाकं तिकडं. मी असा हंबरडा फोडला की भावकी गोळा झाली. एकानं हळूच विचारलं, "कधी गेले?"

मिस्त्रीची लेक लता बापाच्या हाताखाली काम करायची. पाना हातात धरून ती म्हणाली, "कुणी गेलं न्हाई. सांजच्याला जोडून देते!"

पोरीच्या जातीनं पाना धरावा का, असं मी पुटपुटले. ते तिनं ऐकलं.

*

नवी वस्तू पुजल्याशिवाय वापरायची नाही, ही आमच्या घरची रीत. बापलेक चहाला बसले, तेवढ्यात मी नव्या प्लेटला तेलाची पाच बोटं लावून हळदकुंकू वाहिलं. मिस्त्री हसेल म्हणून पदरानं पुसूनही ठेवलं. तेल मात्र आत मुरलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर नुसताच ओरडे, पुढं सरकेना! बाजारचा दिवस होता. मी भर बाजारात मिस्त्रीला झापलं, "भंगारातली प्लेट घातलीस!"

बिचाऱ्यानं परत सगळं खोललं. प्लेटच्या खाचेत कुंकू होतं, ते लताला दिसलं. तिनं माझ्याकडं बघितलं, अंगठ्यानं कुंकू पुसलं न् म्हणाली, "अप्पा, प्लेटला तेल लागलंय, म्हणून घसरती. माझ्याच हाताचं."

"उद्यापासून हत्याराला हात लावायचा न्हाई!" मिस्त्री कडाडला.

आणि मी? मी परत चुलीपुढं जाऊन फुंकर घातली.

*

दुसरी प्लेट बसली, ट्रॅक्टर पळू लागला. लताचे हात मात्र रिकामेच. पुढच्या बाजाराला त्याच जागी उभी राहून ओरडले, "तेल मी लावलं! कुंकू बी मीच! रावसाहेब, पोरीला हत्यारं परत दे!"

वांगीवाली म्हणाली, "आजी, ओवाळलं न्हाई व्हय ट्रॅक्टरला?"

सगळा बाजार हसला. मिस्त्रीनं पिशवीतून पाना काढला न् शेजारी उभ्या लताच्या हातात दिला.

*

दिवाळी झाल्यावर मिस्त्री दारात. मला वाटलं, आता काय मोडलं!

"भिंगारच्या नोकरीवाल्याचं स्थळ आलं हुतं," तो म्हणाला. "पोरगी म्हणती, तिकडं नको, आजीच्या घरी विचारा."

मी लताला बाजूला घेतलं. "आमच्यात काय बघितलंस गं?"

"तुमचा ट्रॅक्टर लई जुना हाय, आजी," ती म्हणाली. "जन्मभर कामाला तोटा न्हाई!"

रुखवतात लाडू-चिवड्याच्या शेजारी तिची हत्यारांची पेटी मांडली होती. उचलायला चार माणसं लागली.