वालाच्या वाफ्यातले ग्लिसरीन

बायोडिझेल करताना मला सर्वांत सुंदर वाटे ते टाकाऊ द्रव्य. खांदा कॉलनीतल्या फरसाणवाल्याकडून आणलेले तळणीचे तेल, मेथॅनॉल आणि कॉस्टिक सोडा एकत्र ढवळून मी पारदर्शक पिंपात स्थिर होऊ देत असे. हळूहळू वर सोनेरी इंधन तरंगू लागे आणि तळाशी काकवीसारखे दाट, तपकिरी ग्लिसरीन उतरत जाई. दुपारचे ऊन त्यातून आरपार जाताना त्या दोन थरांमधली रेघ श्वास घेते आहे असे वाटे, आणि तिच्याकडे पाहता पाहता हातातली वही मिटून जाई.

त्या इंधनावर विहिरीवरचे आमचे जुने डिझेल इंजिन चाले. ग्लिसरीनचा प्रश्न मी एका तर्काने निकालात काढला होता: ते सेंद्रिय आहे, सूक्ष्मजीव ते खातात, म्हणून ते मातीत जिरवावे. साठलेल्या सात कॅनपैकी दोन उघडे ठेवून त्यांतले मेथॅनॉल उडून जाऊ दिले आणि उरलेले ग्लिसरीन परसातल्या वाफ्याच्या एका कोपऱ्यात ओतले. कोणाला विचारले नाही.

वाफा आईचा होता. करंजाड्याची वसाहत उभी राहिली तेव्हा आमची शेती गेली. घरामागचे तीन गुंठे तेवढे राहिले, आणि दर हिवाळ्यात ती तिथे वाल लावते.

महिन्याभराने, पेरणीच्या तोंडावर, बाबा त्या कोपऱ्यात उकिडवे बसलेले दिसले. माती काळपट आणि घट्ट झाली होती. तिच्या कडांवर पांढुरकी साय धरली होती. बाबांचे तरुणपण मिठागरात गेले. त्यांनी एक ढेकूळ बोटांत चुरले.

“बाय, हितं काय वतलंस?”

“ग्लिसरीन, बाबा. मातीत मिसळून जातं ते.”

“ते जाईल. पन यो खार हाय, यो नाय जायाचा.”

मी सोड्यातल्या सोडियमचा विचारच केला नव्हता. त्याऐवजी पोटॅश वापरले असते, तर निदान त्यातले पोटॅशियम पिकाच्या कामी आले असते. सोडा नाक्यावर मिळत होता, म्हणून मी सोडा घेतला होता.

आई बियाण्याचे सूप घेऊन मागच्या दारात उभी होती. “तुमी दोगं शाने,” ती म्हणाली, “एक कालेजातली, एक मिठागरातला. माजा वाल उगवंल का नाय, तेवडं सांगा.”

बाबा फावडे आणायला उठले.

बाबांनी कोपऱ्याभोवती वीतभर उंचीचा बांध घातला. खाडीकाठची खारी जमीन पूर्वी अशीच गोडी करत: पाणी कोंडायचे, मुरू द्यायचे, मग चरातून सोडून द्यायचे. मी म्हटले, नुसत्या पाण्याने सोडियम माती सोडणार नाही. त्याची जागा घ्यायला कॅल्शियम हवे. मी जिप्समची पिशवी आणली.

“टाक,” बाबा म्हणाले, “पन बेतानं. तुजा हात मोटा हाय.”

इंजिन सुरू झाले. धुराला भज्यांचा वास होता. बांधाआड पाणी चढले आणि त्या एवढ्याशा चौकोनात आभाळ येऊन बसले. एक बगळा त्यातून तिरपा निघून गेला. आम्ही दोघे काठावर बसून होतो. जिप्सम दुधासारखे पसरत विरून गेले. किती वेळ गेला ते मी मोजले नाही. एरवी मी सगळे मोजते. असे आम्ही चार वेळा केले. उरलेले पाच कॅन मी तळोज्याला, रासायनिक कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लावणाऱ्यांकडे पोहोचवले.

मग आईने वाल टोचला. बाकीच्या वाफ्यात सहाव्या दिवशी कोंब दिसले. कोपऱ्यात काहीच नव्हते. दहाव्या दिवशी सकाळी तिथल्या पहिल्या ओळीत माती तडकली आणि तीन वाकलेल्या माना वर आल्या. दुसरी ओळ तशीच राहिली. आई बराच वेळ वाकून पाहत होती. मग तिने त्या रिकाम्या ओळीत पुन्हा बी टोचले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “इंजिन लाव. पानी पायजे हितं.”