ड्रमला प्लग नसतो

आमचा गॅरेज बँड होता आणि गॅरेज अगदी खरंखुरं होतं. आखातातल्या रास अल खैमाच्या इंडस्ट्रियल एरियातलं, गाड्या दुरुस्तीचं, ऑइलने काळंकुट्ट झालेलं. बेस गिटार वाजवणाऱ्या मुलाचे वडील तिथे फोरमन होते, मूळचे राजापूरचे. शुक्रवारी गॅरेज बंद असायचं, तेव्हा ते आम्हाला किल्ली द्यायचे. अट एकच: जॅकवर चढवलेल्या गाडीखाली कुणी बसायचं नाही. बाकी काय तो धिंगाणा घाला. अजान सुरू झाली की आम्ही थांबायचो, समोरच्या कॅफेटेरियातून करक चहा आणायचो आणि नमाज संपली की पुन्हा यल्ला, चला!

तिघंच होतो, एकाच वर्गातले. मी ड्रम्सवर. गिटार आणि गाणं वसईच्या कॅथलिक मुलाकडे. त्याचे डॅडी हॉटेलात नोकरीला होते. मुलगी असून ड्रम्स बडवते म्हणून आमच्या मराठी मंडळातल्या काकू नाकं मुरडायच्या. मुरडा म्हटलं, तुमचीच नाकं आहेत.

माझ्या बाबांचं दुखणं वेगळं होतं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. टीव्हीचा आवाज मोठा झाला, मी मोठ्याने हसले, लिफ्टमध्ये मराठीत भांडले, की लगेच, "हळू. आपण इथे पाहुणे आहोत. पाहुण्यांनी आवाज करायचा नसतो."

"आय वॉज बॉर्न हिअर, बाबा."

"जन्माने काय होतं? व्हिसा बघ, व्हिसा."

अस्सा राग यायचा! गिटारवाल्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला की त्याच्या घरीही हेच वाक्य आहे, फक्त वसईच्या बोलीत. त्यातूनच आमचं पहिलं स्वतःचं गाणं झालं, 'आवाज कमी'. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मधे इंग्लिश शिव्या. तिसऱ्या कडव्यात सगळे थांबतात, फक्त ड्रम्स वाजतात आणि मग आम्ही तिघं मिळून बोंबलतो. ते तिसरं कडवं माझं होतं. त्याच्यासाठी मी हातांना फोड आणून घेतले होते.

मग बारावीत असतानाच गिटारवाल्याच्या डॅडींची नोकरी गेली. व्हिसा कॅन्सल, सामान बांधायला सुरुवात, पुढच्या आठवड्यात सगळं घर वसईला. खलास. आखातातल्या मुलांचे बँड भांडून फुटत नाहीत, त्यांचा व्हिसा संपतो. आमचं गाणं तोवर गाड्यांखेरीज कुणी ऐकलंच नव्हतं. गिटारवाला जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, माणसांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं, एवढंच आम्हाला हवं होतं.

त्या आठवड्यात एकच स्टेज होतं, आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीचं. भाड्याचा हॉल, आधी मुलांचे कार्यक्रम, मग आरती, मग महाप्रसाद. आणि मंडळाचा साउंड बघायला कोण? आमचेच बाबा.

आमच्याकडे सगळे ट्रॅकवर गातात. लॅपटॉपवर रेडिमेड संगीत लावायचं आणि माइक धरून पुढे उभं राहायचं. कमिटीने आम्हालाही तेच सांगितलं. "वाद्यं हातात धरा, छान दिसतील. वाजवू नका. सिनेमाचं एखादं गाणं घ्या, ट्रॅक आम्ही लावतो." मी हो म्हटलं. चक्क खोटं बोलले, आणि त्याचं मला आजही काडीचं वाईट वाटत नाही.

ट्रॅकवरचं गाणं झालं. टाळ्या पडल्या. काकूसुद्धा हसल्या. निवेदिका माइककडे निघाली, तेवढ्यात मी काठ्या आपटून चार मोजले आणि गिटारवाल्याने अँपचा आवाज पूर्ण वर नेला.

अहाहा! काय आवाज होता तो! पहिल्या रांगेतल्या अध्यक्षांच्या हातातली आरतीच्या फुलांची परडी खाली पडली. मागे बांधकामाच्या साइटवरून आलेली, प्रसादाला थांबलेली कोकणातली माणसं उठून उभी राहिली, त्यातल्या दोघांनी तर शिमग्यासारखा ताल धरला. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. मी बाबांकडे बघितलं. अध्यक्ष त्यांच्या कानाशी काहीतरी बोलत होते. बाबा खाली वाकले आणि त्यांनी प्लग काढला.

गिटार मेली. बेस मेला. माइक मेला. पण ड्रमला प्लग नसतो. मी बाबांच्या डोळ्यांत डोळे घालून वाजवत राहिले. माझं तिसरं कडवं सुरू झालं होतं, आणि तो शहाणा वसईकर घसा फाटेस्तोवर बिनमाइकचं बोंबलत होता.

तेव्हा कमिटीने आरती सुरू केली. कार्यक्रम अर्धवट असताना, आधीच. सगळा हॉल उठला, टाळ्या वाजायला लागल्या. आणि माझे हात? लहानपणापासून त्या तालावर झांज वाजवलेले हात. माझ्या नकळत ते आरतीच्या ठेक्यावर गेले. मी थांबवायच्या आत गेले. फितूर झाले मेले. बाजूला गिटारवालाही आरती म्हणत होता. दरवर्षी मोदकांसाठी येऊन त्याला सगळ्या पाठ होत्या. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो म्हणत होता.

अध्यक्ष नंतर सगळ्यांना सांगत होते, मुलांनी आरतीला किती सुंदर साथ दिली! चार दिवसांनी गिटारवाला गेला.

बाबांनी कधी विषय काढला नाही. मीही माफी मागितली नाही, मागणारही नाही. ते रिटायर होऊन चिपळूणला गेले. मी राहिले. आता शारजात अल नहदाला राहते, क्लासमध्ये मुलांना ड्रम्स शिकवते. ट्रॅकवर वाजवायचं असेल तर दुसरा क्लास बघा, असं पालकांना पहिल्याच दिवशी सांगते.

यंदा गणपतीत बाबांचा फोन आला, मी क्लासमध्येच होते. मुलं निघून गेली होती. त्यांच्या मागे कानठळ्या बसतील असा डीजे वाजत होता.

"खिडकीखालीच स्पीकर लावलाय गं," ते ओरडून म्हणाले. "डोकं उठलंय नुसतं."

"मग सांगा ना जाऊन, आवाज कमी करा म्हणून."

"गेलो होतो. म्हणाले, काका, तुम्ही बाहेरून आलेले. तुम्हाला नाही कळायचं."

इतकी वर्षं त्यांना ऐकवायला जपून ठेवलेली सगळी वाक्यं मी बाजूला ठेवली आणि काठ्या उचलल्या.

"बाबा, खिडकी लावून घ्या. आणि आता फोन ठेवायचा नाही."

मी फोन स्नेअरशेजारच्या खुर्चीवर ठेवला, काठ्या आपटून चार मोजले आणि 'आवाज कमी' पहिल्यापासून सुरू केलं. मला गाता येत नाही. तरी गायले, बोंबलले. पहिलं कडवं, दुसरं, मग तिसरं. या वेळी हात कुठेही गेले नाहीत.

शेवटचा ठोका देऊन फोन उचलला. तिकडे डीजे तसाच वाजत होता. बाबांनी फोन कट केला नव्हता.