एक पट्टीवाला

पक्षी ओळखण्यात मी तरबेज आहे, असं मला गेल्या डिसेंबरपर्यंत वाटत होतं.

गुरुग्रामला आमच्या अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, कुंडीतल्या लिंबावर एक पक्षी येऊ लागला. अंगठ्याएवढा, हिरवट-मळकट. पुस्तक उघडलं तर त्यात असे डझनभर! सगळे पर्णवटवटे, सगळे सारखे. फरक काय, तर पंखावर पट्टी एक की दोन, आणि आवाज. (पट्टी मोजेपर्यंत पक्षी उडालेला असतो!) एक पट्टीवाला इकडे हिवाळ्यात सहसा दिसत नाही, असंही लिहिलेलं होतं. मला एकच दिसली!

लगेच पुण्याला सासऱ्यांना फोन. अण्णा तीस वर्षं पक्षी बघतात आणि वहीत नोंदी करतात. लग्नाला बारा वर्षं झाली, पण त्या वहीत जावयाचं नाव एकदाही आलेलं नाही. हे मला फार लागलेलं आहे.

"आवाज ऐकलात का?" अण्णांनी विचारलं.

ऐकला नव्हता. म्हणून मोबाईलवर एक पट्टीवाल्याचा आवाज वाजवला. आणि खालून चक्क उत्तर आलं! हुबेहूब! मग रोज सकाळी सातला मी वाजवायचो आणि तो उत्तर द्यायचा.

"बाबा, त्याची चोच तर हलतच नाही," आमची नऊ वर्षांची इरा म्हणाली. "आणि पट्ट्या दोन आहेत. बिल्कुल दोन!"

"तू आधी दात घास!"

अण्णा पहिल्या गाडीनं आले. सकाळी सातला मी वाजवलं, उत्तर आलं. अण्णांनी वही उघडली, पेन काढलं आणि थांबले.

"जावईबापू, हा दर वेळी शेवटी कुत्र्यासारखा भुंकतो का हो?"

माझ्या मोबाईलमधल्या आवाजातही शेवटी तेच कुत्रं होतं. अण्णा कठड्यावरून वाकले. खालच्या बाल्कनीत चोप्राजी मोबाईल उंच धरून उभे होते.

"अंकलजी, धीरे!" ते कुजबुजले. "ऊपर बड़ी रेअर चिड़िया है. रोज़ जवाब देती है!"

लिंबावरचा पक्षी दोन्ही पट्ट्या दाखवत गप्प बसला होता.

अण्णांनी शांतपणे लिहिलं: 'नर, दोन. हिरवट-मळकट स्वेटर, माकडटोपी. आवाज मोबाईलचा. ओळखण्याची खूण: ट्रॅक पँटवर खालच्याच्या दोन पट्ट्या, जावयाच्या एक.'

तेव्हा एक पट्टीवाला इकडे हिवाळ्यात दिसतो, अशी नोंद झाली आहे. माझ्याच नावावर!