मास्तरांचा बारावा मांडा

जेवण झालं की डाव्या कुशीवर अर्धा तास पडायचं, हा सावद्याच्या मुरलीधर मास्तरांचा जुना नियम. आज पोटात सगळे फाटके मांडे, त्यामुळे डोळा लागतोही आणि लागत नाहीही. उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. वर्षभरात गेलेल्या पत्नी द्वारकाबाईंच्या नावाची ही पहिली घागर. तिच्यावर मांडा आपल्याच हातचा ठेवीन, असं मास्तर गल्लीभर सांगून बसलेत. पुरण भरलेला कणकेचा उंडा हातांवर झुलवून पसरताना सकाळपासून अकरा फाटले. आता सरळ मांडेवालीला निरोप धाडायचा, असं ठरवून ते घड्याळ बघतात. निवृत्तीला शाळेनं दिलेलं, अंघोळीपुरतंच मनगटावरून उतरणारं. पापणी मिटते.

चूल पेटलेली आहे. तिच्यावर पालथं खापर. चूल मात्र आठवी ‘ब’च्या वर्गात, टेबलाच्या जागी. फळ्यावर अकरा फुल्या. पहिल्या बाकावर द्वारकाबाई फाटका मांडा आमरसात बुडवून खातायत. गेलेल्या माणसाच्या मानानं भूक चांगली आहे.

मास्तर कबूल करतात, की हे आपल्या हातचं काम नाही. हात जन्मजात लागतो, तुझा होता.

“मास्तर, तीस वर्षं पोरांना हेच सांगितलंत. गणित तुझ्या डोक्यातलं नाही. पोरं बिचारी ऐकायची आणि वही मिटायची.”

मास्तर फळा पुसू लागतात. फुल्या जात नाहीत. तुझे कधी फाटले होते का, असं ते फळ्यालाच विचारतात.

“लग्नानंतरच्या आखाजीला सतरा. शेवटी गायसुद्धा तोंड फिरवायला लागली. पण मी हाताला नावं नाही ठेवली. हात चांगलाच आहे, मग आडवं काय येतंय ते बघितलं. बांगड्या येत होत्या.”

मांडे करताना त्या बांगड्या चुलीजवळच्या खिळ्याला अडकवायच्या. पीठ लागू नये म्हणून, असं मास्तर चाळीस वर्षं समजत आले.

वर्गाला भिंती नाहीत आता. द्वारकाबाईंच्या उघड्या हातांवर उंडा झुलतो, कोपरापर्यंत पसरतो, इतका पातळ होतो की त्यातून पलीकडची केळीची बाग दिसते. मास्तर बघतच राहतात. मग तेही हात पुढे करतात.

द्वारकाबाई त्यांच्या मनगटाकडे बघतात. “शिकवणं बरं होतं तुमचं. तपासणी कच्ची.”

मास्तर जागे होतात, सवयीनं वेळ बघतात. मनगटावर घड्याळ नाही, कातडीचा नुसताच पांढरा पट्टा. ते स्वयंपाकघरात येतात. ओल्या फडक्याखाली बारावा उंडा वाट बघतोय. चुलीजवळच्या खिळ्याला घड्याळ लटकलंय, आणि त्याच्या पट्ट्यावर आमरसाचं एक बोट उमटलंय.