पुलाआधी उतरा

पिशोरच्या गाडीवरची कंडक्टर योगिनी ही धनगराची लेक. बाप भिकन जन्मभर मेंढरांमागं हिंडला. नदी लागली की सारा कळप एकदम पाण्यात घालायचा नाय, थोडी मेंढरं पार झाली की मग बाकीची, एवढी एक अक्कल त्यानं लेकीला दिली. बाकीची तिची तिनं कमावली. नोकरी लागली तव्हा भावकीतले हसले, मेंढरं हाकणारी आता माणसं हाकणार म्हणून. ती म्हणाली, मेंढरं बरी, खिडकीपायी भांडत नायती.

तिच्या रस्त्यावर हायवेचा एक जुना पूल. कठडा दोन जागी गेलेला. मधला सांधा असा उघडा पडलेला की चालताना फटीतून खालचं पाणी दिसावं. राज्यात कुठंतरी पूल बसला की पेपरात बोंब होते, मग साऱ्या पुलांची तपासणी निघते. ह्या पुलाचीबी झाली. तपासणीत पुलाला एक पाटी मिळाली: पूल कमकुवत आहे, वाहने सावकाश चालवा. योगिनी म्हणायची, सावकाश म्हंजी काय, पडायचं तर हळू पडा?

मग तिनं आपला कायदा काढला. पूल आला की एक बेल. सगळ्यांनी उतरायचं, पायी पार व्हायचं, मागून रिकामी गाडी. गाडीत ती आन् डायवर सर्जेराव. तू कामून बसती मग, असं कुणी विचारलं तर म्हणायची, मही ड्युटी हाय. सर्जेराव म्हणायचा, दोघांचा पंचनामा लवकर उरकतो.

लोकं कुरकुरत उतरायची. पण तात्यासाहेबांना ते लागलं. पन्नास एकराचा धनी, पुढची सीट ठरलेली, आन् धनगराची पोर त्याला पायी चालवते. त्यांनी डेपोत तक्रार घातली. एक दिवस डेपोचे साहेब स्वतः गाडीत येऊन बसले. पूल आला. योगिनीनं एक बेल दिली. लोकं उतरली, तात्यासाहेबबी शिव्या घालत उतरले. साहेब बसून राहिले. इथं स्टॉप नाय, प्रवासी उतरवता येत नायत, हे चालू राहिलं तर सस्पेंड व्हाल, असं त्यांनी सुनावलं.

"डबल बेल द्या," साहेब म्हणाले.

"तुमी उतरल्यावर."

साहेबांनी सर्जेरावला गाडी घ्यायला सांगितलं. सर्जेरावनं इंजिन बंद केलं.

"बेल झाली नाय, साहेब. बेलबिगर गाडी हलवली तर तुमीच मला मेमो द्याल."

मागं उसाचे ट्रॅक्टर लागले, जीपा लागल्या, हॉर्नचा कालवा झाला. योगिनी दारात टेकून उभी. नोकरी जाईल हे तिला कळत होतं. नवरा हनुमान मेंढरांवर, घर हिच्या पगारावर. तरी बेलच्या दोरीला हात गेला नाय.

तेवढ्यात पुलाच्या पल्याडून तात्यासाहेबांचा आवाज आला. उन्हात उभं राहून त्यांचा पारा चढला होता.

"ओ साहेब, आमी पन्नास एकरवाले चालत आलो, तुमाला काय पालखी धाडू का? उतरा खाली."

पल्याडची सारी माणसं हसली. साहेबांनी बॅग उचलली आन् उतरले. सांध्यापाशी आल्यावर त्यांनी खाली पाहिलं आन् ढांग जरा मोठी टाकली. मग योगिनीनं डबल बेल दिली. रिकामी गाडी हळूहळू पार झाली. सांध्यावर चाक चढलं तव्हा सारा पूल कण्हला, ते पल्याडच्यांनी ऐकलं. हसू थांबलं.

माणसं गाडीत चढली. साहेबांनी मात्र रस्त्यावरच, बॅग गुडघ्यावर घेऊन मेमो लिहिला आन् सहीला पुढं केला. योगिनीनं दारातून वाचला. 'काहीही कारण नसताना बस थांबविली.'

"हे कारण नसताना खोडा," ती म्हणाली.

"ते तसंच राहील."

"मग तुमी कामून उतरले?"

साहेबांनी पेन पुढं केलं. तिनं कागद बिनसहीचा माघारी दिला.

"सस्पेंड करायचं तर करा. कामावर घेतलं तर उद्याबी उतरवीन. आता येता का राहता? लोकांना उशीर होऊ राहिला."